आवडले, पण सांगायचे कसे?

वाचकांच्या प्रश्नांचे हे सदर एरवी चार वेगवेगळ्या वाटांनी जाते. या वेळी मात्र बरीचशी पत्रे एकाच अडचणीभोवती घुटमळणारी निघाली: मित्रमैत्रिणींच्या गप्पांत, पाहिलेल्या चित्रपटाविषयी किंवा वाचलेल्या पुस्तकाविषयी आपले मत कसे सांगावे, किती सांगावे आणि समोरच्याचे वेगळे मत कसे ऐकून घ्यावे. समीक्षकाने कसे लिहावे याविषयी ग्रंथच्या ग्रंथ उपलब्ध आहेत. ज्याच्या मतावर ना तिकीटविक्री अवलंबून असते ना कोणाचा पुरस्कार, त्या साध्या रसिकाच्या वाट्याला मात्र फारसे मार्गदर्शन येत नाही. म्हणून हे संपूर्ण सदर त्या पत्रांसाठी राखून ठेवले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न: आम्ही काही मैत्रिणी मिळून चित्रपट पाहतो. मागच्या वेळी पाहिलेला चित्रपट मला मनापासून आवडला होता. शेवटच्या प्रसंगात तर डोळे भरून आले होते. बाहेर पडल्यावर मात्र एकीने 'काय रडका सिनेमा होता' असे म्हटले, दुसरीने तिची री ओढली, आणि माझ्यापर्यंत पाळी येईतो मीही 'हो ना, फारच ताणला' असे बोलून मोकळी झाले. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. साधे खरे बोलणे मला का जमू नये?

उत्तर: तुमच्या पत्रातील 'माझ्यापर्यंत पाळी येईतो' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांनी 1951 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका या पाळीविषयीच होता. काही जणांना एका खोलीत बसवून एक रेषा दाखवली जाई आणि शेजारच्या तीन रेषांपैकी तिच्याएवढी लांब कोणती, हे प्रत्येकाने पाळीपाळीने मोठ्याने सांगायचे असे. त्यांतील एकच जण खराखुरा प्रयोगासाठी आलेला असे. बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचे उत्तर देणारे. बरोबर उत्तर उघड्या डोळ्यांना दिसत असूनही अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या चुकीबरोबर गेली आणि चारांपैकी तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. रेषा पट्टीने मोजता तरी येते. चित्रपट रडका होता की हृदयाला भिडणारा, हे मोजायला कसलीच पट्टी नाही. तेव्हा जिथे उत्तर समोर दिसत होते तिथेही माणसे डगमगली, तर तुम्ही डगमगलात यात स्वतःवर रागावण्याजोगे फार काही नाही.

त्याच प्रयोगमालेतील दुसरा निष्कर्ष तुमच्या अधिक उपयोगाचा आहे. खोलीत आणखी एकच माणूस बहुमताला सोडून बोलला, की दबून चुकीचे बोलण्याचे प्रमाण आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर येई. गंमत म्हणजे त्या माणसाचे स्वतःचे उत्तर चुकीचे असले तरी त्याचा थोडाफार आधार मिळतच असे. एकमत फुटले एवढे पुरेसे होते. तुमच्या मैत्रिणींपैकी आणखी कोणाचे डोळे पाणावले नव्हते, असे तुम्ही खात्रीने सांगू शकाल काय? ज्या बाईने सर्वांत आधी 'रडका' हा शब्द काढला, तिनेच अंधारात दोनदा डोळे पुसलेले असण्याची शक्यता मी तरी नाकारणार नाही. रडू आल्याचे लपवण्यासाठी थट्टेइतके सोयीचे दुसरे काही नसते.

आता सांगायचे कसे, हा भाग. 'नाही गं, चित्रपट फार चांगला होता' असे तुम्ही म्हणालात, तर तुम्ही चित्रपटावर निकाल देता, आणि निकाल म्हटला की त्याविरुद्ध अपील आलेच. त्याऐवजी 'मला शेवटी रडू आले' एवढेच म्हणा. पहिल्या वाक्यावर वाद घालता येतो. दुसऱ्यावर घालता येत नाही, कारण 'तुला रडू आले नाही' असे तुम्हाला कोणी सांगू शकत नाही. मित्रांमधले मत हे बहुतेक वेळा आपल्यावर काय गुजरले याचा वृत्तांत असते आणि वृत्तांत देणाऱ्याला कोणाचे बहुमत लागत नाही. शक्य असल्यास हे वाक्य पहिल्या दोघींच्या आत बोलून टाकावे. पाळी जितकी उशिरा, तितके ते जड होत जाते. आणि या वेळी संधी हुकलीच असेल, तर दुसऱ्या दिवशी 'काल मी हो म्हटले खरे, पण मला तो शेवट अजून आठवतो आहे' असा निरोप पाठवायला काहीच हरकत नाही. गप्पांना मुदत नसते.

प्रश्न: मला पुस्तके आवडतात, पण का आवडली हे सांगता येत नाही. माझा एक मित्र लगेच 'कारण सांग' म्हणतो, आणि मी काहीतरी जुळवून सांगितले की ते कारण तो खोडून काढतो. मग म्हणतो, कारण देता येत नसेल तर मताला अर्थ काय? त्याचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर: अर्धवट बरोबर आहे, आणि अर्धवट बरोबर असलेली माणसे वादात फार त्रासदायक ठरतात.

टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना पाच पोस्टरे दाखवण्यात आली: काही नामवंत चित्रकारांच्या चित्रांची, तर काही प्राण्यांची गमतीदार छायाचित्रे असलेली. अर्ध्या विद्यार्थ्यांना आधी आपल्या आवडीनिवडीची कारणे लिहून काढायला सांगितले, उरलेल्यांना सांगितले नाही. मग प्रत्येकाला एक पोस्टर घरी नेऊ दिले. कारणे लिहिणाऱ्यांनी गमतीदार पोस्टरे अधिक प्रमाणात निवडली आणि काही आठवड्यांनी विचारले असता आपल्या निवडीवर तेच अधिक नाराज निघाले. संशोधकांनी लावलेला अर्थ असा, की कारण मागितले की माणूस खरे कारण शोधत नाही, सांगायला सोपे असेल ते कारण उचलतो. आणि मग स्वतःची आवडही त्या उचललेल्या कारणाच्या मापाने बेततो. तुम्ही 'काहीतरी जुळवून सांगितले' असे लिहिता, ते हेच. मित्राने खोडून काढले ते तुमचे जुळवलेले कारण. तुमची आवड त्याच्या हाती लागलेलीच नाही.

तत्त्वज्ञानातही हा प्रश्न जुना आहे. इमॅन्युएल कांट यांनी 1790 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक मासलेवाईक उदाहरण दिले आहे. कोणी मला आपली कविता वाचून दाखवली किंवा मला नाटकाला नेले आणि ते मला रुचले नाही, तर त्याने मोठमोठ्या टीकाकारांचे नियम पुढे केले तरी मी कानांवर हात ठेवीन, अशा आशयाचे ते म्हणतात. सौंदर्याचा निर्णय सिद्ध करून दाखवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. एवढा काटेकोर तत्त्वज्ञ कानांवर हात ठेवतो म्हटल्यावर आपण ठेवले तर बिघडले कुठे?

तरीही तुमच्या मित्राला मी अर्धे गुण दिले, कारण 'आवडले' एवढ्यावर थांबलो तर गप्पा तिथेच संपतात. कारण देता येत नसेल तर जागा दाखवा. समजा, तुम्ही एक कादंबरी वाचली आहे. तिच्यात वडिलांच्या मृत्यूनंतर घरी आलेला मुलगा त्यांचे कपाट आवरायला घेतो, वडिलांचा चष्मा सापडतो, तो सहज डोळ्यांवर लावून पाहतो आणि सगळे अंधुक दिसत असतानाही तो न काढता तसाच बसून त्यांची पत्रे वाचू लागतो. मित्राने विचारले तर 'लेखकाने पिता-पुत्राच्या नात्याचे सूक्ष्म चित्रण केले आहे' असे मुळीच सांगू नका. ते वाक्य मलपृष्ठावर छापलेलेच असते आणि ते खोडायला फार कष्ट पडत नाहीत. 'तो चष्मा न काढता वाचत बसतो ना, तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले' असे सांगा. यावर मित्र म्हणू शकेल की त्याला तो प्रसंग नाटकी वाटला, कारण ज्याला खरोखर वाचायचे आहे तो चष्मा काढेल. उत्तम. मग वाचायचेच होते की नुसते वडिलांच्या जागी बसायचे होते, यावर तुम्हा दोघांना तासभर बोलता येईल आणि त्या तासात दोघेही पुस्तकाविषयीच बोलत असाल. जुळवलेल्या कारणांवर घातलेल्या वादात पुस्तक पहिल्या दोन मिनिटांतच बाजूला पडते आणि उरतो तो कोण हरतो एवढाच प्रश्न.

प्रश्न: मित्रांना चित्रपटाविषयी सांगताना गोष्ट किती सांगावी? आमच्यातला एक जण साधा आरंभ सांगितला तरी 'स्पॉयलर देऊ नकोस' म्हणून ओरडतो, तर दुसरा शेवट विचारूनच चित्रपट पाहायला बसतो.

उत्तर: दोघांच्याही बाजूने पुरावा आहे, हे ऐकून तुमची अडचण वाढेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील लेव्हिट आणि ख्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी 2011 साली तीन प्रकारच्या 12 लघुकथा वाचकांना दिल्या: रहस्यकथा, शेवटी कलाटणी घेणाऱ्या कथा आणि निव्वळ साहित्यिक कथा. ज्यांना शेवट आधीच सांगितला होता त्यांनी सरासरीने कथांना अधिक पसंती दिली, आणि यात रहस्यकथाही आल्या. काही वर्षांनी जॉन्सन आणि रोझेनबॉम यांनी केलेल्या अभ्यासात मात्र शेवट आधी कळलेल्या कथा वाचकांना कमी भिडल्या. दोन्ही अभ्यास लघुकथांचे आहेत, हे लक्षात ठेवावे. दहा पानांच्या कथेचा शेवट कळणे आणि तीन रात्री जागून वाचलेल्या कादंबरीचा शेवट कोणीतरी गप्पांच्या ओघात बोलून जाणे, यांत पुष्कळच अंतर आहे.

संशोधन काहीही म्हणो, शेवट राखण्याचा रिवाज जुना आहे आणि त्याला मान देणे सभ्यपणाचे आहे. लंडनमध्ये 1952 सालापासून सुरू असलेल्या एका प्रसिद्ध रहस्यनाटकाच्या अखेरीस प्रेक्षकांना, खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती केली जाते. आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1960 साली आपल्या एका चित्रपटाच्या वेळी, खेळ सुरू झाल्यानंतर कोणालाही आत सोडू नये असा आग्रह धरला होता आणि शेवट फोडू नका असे प्रेक्षकांनाही बजावले होते.

माझा स्वतःचा कल असा: जी गोष्ट जाहिरातीत किंवा मलपृष्ठावर दिलेली आहे ती सांगायला हरकत नाही; मध्यंतरानंतर जे कळते ते विचारल्याशिवाय सांगू नये; आणि 'शेवटी एक जबरदस्त ट्विस्ट आहे' हे वाक्य तर कधीच उच्चारू नये. या वाक्याने गोष्ट फुटत नाही असे बोलणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ऐकणारा पहिल्या दृश्यापासून चित्रपट पाहण्याचे सोडून पोलिसासारखा संशयित शोधत बसतो. आरंभ सांगितला तरी ओरडणाऱ्या तुमच्या मित्रापुढे मात्र गोष्टीचा विषयच काढू नका. त्याच्याशी अभिनय, संगीत, लांबी, गती यांविषयी बोला. त्याच्यामुळे तुम्हाला गोष्टीपलीकडचे बोलायची सवय लागली, तर तो उपकारच समजायचा.

प्रश्न: अर्धे सोडून दिलेले पुस्तक किंवा अर्ध्यातून उठून आलेला चित्रपट यांवर मत द्यावे का?

उत्तर: जरूर द्यावे, फक्त कुठे सोडले ते सांगून द्यावे. 'मी शंभराव्या पानावर ठेवून दिले' हे पूर्ण प्रामाणिक आणि ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे मत आहे. उलट पूर्ण पाहिलेल्याचे मतही वाटते तितके पूर्ण नसते. डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की झालेला अनुभव आठवताना माणूस त्यातील सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांच्यावर प्रमाणाबाहेर भर देतो. अनुभव किती वेळ चालला याला फारसे वजन मिळत नाही. म्हणजे दोन तास कंटाळलेला प्रेक्षक शेवटच्या दहा मिनिटांनी सुखावला, तर 'मस्त होता' म्हणत बाहेर येतो. मध्येच उठून गेलेला त्या दोन तासांविषयी अधिक खरे सांगू शकेल, असे म्हणायला जागा आहे.

प्रश्न: मी एखाद्या चित्रपटाविषयी बोलू लागलो की मित्र मोबाइल काढून रेटिंग दाखवतो. 'याला साठच टक्के आहेत, तुला कसा आवडला?' यावर काय बोलावे?

उत्तर: तो आकडा काय मोजतो, हे त्याला विचारावे. रॉटन टोमॅटोज या 1998 साली सुरू झालेल्या संकेतस्थळावरील टक्केवारी ही चित्रपटाला मिळालेल्या गुणांची सरासरी नसते. समीक्षकांपैकी किती टक्क्यांचा अभिप्राय एकंदरीत अनुकूल आहे, एवढेच ती सांगते. त्यामुळे शंभर समीक्षकांना जो चित्रपट 'ठीक आहे, पाहण्यासारखा' वाटला त्याला शंभर टक्के मिळू शकतात, आणि ज्या चित्रपटाने साठ जणांना वेड लावले व चाळीस जणांना चिडवले त्याला साठच मिळतात. या दोहोंपैकी गप्पा कोणत्या चित्रपटावर रंगतील? आयएमडीबीवरचा दहापैकीचा आकडा वेगळ्या जातीचा, प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांची भारित सरासरी. दोन्ही आकडे एका दमात, एकमेकांशी तोलून सांगणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये.

गर्दीचा कौल कसा बनतो, हेही त्याला सांगा. सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 14,000 हून अधिक लोकांना अनोळखी गायकवृंदांची 48 गाणी ऐकवली. काहींना इतरांनी कोणती गाणी किती वेळा उतरवून घेतली हे दिसत होते, काहींना नव्हते. ज्यांना दिसत होते त्यांचेही अनेक स्वतंत्र गट पाडले होते आणि वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर गेली. अगदी चांगली मानली गेलेली गाणी फारशी तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट फारशी वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचे नशीब मात्र, सुरुवातीला कोणी काय निवडले यावर बरेचसे अवलंबून राहिले.

हे सगळे सांगायचा कंटाळा आला, तर 'तू पाहिलास का?' एवढे विचारले तरी चालते.

प्रश्न: माझ्या अत्यंत जवळच्या मैत्रिणीने तिचे सर्वांत आवडते पुस्तक मला मोठ्या प्रेमाने वाचायला दिले. ते तिला कॉलेजच्या वयात कोणीतरी दिले होते आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या पुस्तकाने तिला सावरले. मला ते अतिशय बाळबोध वाटले. ती रोज विचारते आहे. खोटे बोलवत नाही आणि खरे बोलले तर ती दुखावेल. काय करू?

उत्तर: तिने तुमच्या हाती दोन वस्तू दिल्या आहेत: एक पुस्तक आणि त्या पुस्तकाला चिकटलेले तिचे एक वर्ष. तुम्हाला नापसंत पडली आहे ती पहिली वस्तू. तुम्ही 'बाळबोध' म्हणालात की तिला मात्र दुसरीविषयी ऐकू येईल. म्हणून तिने विचारल्यावर आधी तुम्हीच विचारा: तेव्हा तुझे काय चालले होते? यातले कोणते पान तू पुन्हापुन्हा वाचायचीस? ही युक्ती म्हणून करू नका; खरोखर ऐका. मग ते पान उघडून पुन्हा वाचा. कदाचित तेवढे एक पान तुम्हालाही पटेल, कदाचित पटणार नाही. पण त्यानंतर 'मी आज हे पहिल्यांदा वाचते आहे म्हणून मला ते सोपे वाटले. त्या वेळी तुला ते का लागले असेल हे मात्र आता कळते' असे तुम्ही म्हणालात, तर त्यात खोटे काही नसेल आणि ती दुखावण्याचेही कारण उरणार नाही.

हे केवळ मन राखण्याचे बोलणे आहे असे समजू नये. हजारएक वर्षांपूर्वी काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी नाट्यशास्त्रावरील भाष्यात रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत, आणि प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणे हे त्यांतील एक. ज्याचे मन स्वतःच्या काळजीने भरलेले आहे त्याच्यापुढे उत्तम नाटक चालू असले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत उलटे घडलेले दिसते; तिच्या दुःखाने तिला त्या पुस्तकाच्या अगदी जवळ नेऊन बसवले. अभिनवगुप्तांच्या हिशेबाने याला शुद्ध रसास्वाद म्हणता येईल की नाही, याची मला शंका आहे. पण पुस्तके केवळ रसास्वादासाठीच वाचली जातात असे कोण म्हणतो? बुडणाऱ्याला काडीचा आधार मिळाला, तर पैलतीरावरून त्या काडीची जाडी कोणी विचारू नये.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तिने स्पष्टपणे 'पुस्तक म्हणून कसे वाटले?' असे विचारले, तर स्पष्टपणेच सांगा आणि एखादा प्रसंग धरून सांगा: अमुक ठिकाणी नायकाचा निर्णय मला पटला नाही, तमुक संवाद उपदेशासारखा वाटला. संपूर्ण पुस्तकाला एक विशेषण लावून मोकळे होण्याने मने जितकी दुखावतात, तितकी एका प्रसंगावर बोट ठेवल्याने दुखावत नाहीत. आणि रोज विचारणाऱ्या मैत्रिणीला दोन आठवडे झुलवत ठेवणे हेही एक प्रकारचे उत्तरच असते. ते तिला केव्हाच कळून चुकले असेल.

प्रश्न: मला हलकेफुलके विनोदी चित्रपट आणि भुताखेतांच्या कादंबऱ्या आवडतात. आमच्यातले काही जण याला 'टाइमपास' म्हणून नाके मुरडतात आणि मी गंभीर काही पाहिले-वाचले पाहिजे असे सुनावतात. अभिरुची खरोखरच उच्च किंवा नीच असते का?

उत्तर: तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी 1757 साली अभिरुचीच्या निकषाविषयी निबंध लिहिला, त्यात सरावाने आणि तुलनेने अभिरुची घडते असे त्यांनी ठामपणे म्हटले आहे, तेव्हा तुमच्या मित्रांना आधार नाही असे नाही. ज्याने दोनशे भयकथा वाचल्या आहेत त्याला दोनशे एकावी कुठे नक्कल करते आहे हे कळते, आणि हे कळणे नवख्याच्या कळण्यापेक्षा वरचे आहे यात वाद नाही. पण हा निकष लावायचा तर भयकथांच्या बाबतीत जाणकार तुम्ही ठरता आणि एकही न वाचता नाक मुरडणारे तुमचे मित्र नवखे ठरतात. त्याच निबंधात ह्यूम यांनी असेही म्हटले आहे, की विशीत प्रेमकवी ओव्हिड आवडावा, चाळिशीत कवी होरेस आणि पन्नाशीत कदाचित इतिहासकार टॅसिटस. आपल्या स्वभावाला आणि वयाला साजणारा लेखक आपण जवळ करतो आणि यात कोणाचा दोष नसतो. प्रेमाच्या कवितांपासून इतिहासकारापर्यंतचा हा प्रवास सगळ्यांनी त्याच क्रमाने केला पाहिजे असे मला तरी वाटत नाही.

मित्रांना एवढेच सुचवा की एकदा अदलाबदल करू: त्यांनी निवडलेला एक गंभीर चित्रपट तुम्ही शेवटपर्यंत पाहायचा आणि तुम्ही निवडलेली एक भुताची कादंबरी त्यांनी शेवटपर्यंत वाचायची. अट अशी की संपल्यावर 'टाइमपास' आणि 'बोअर' हे दोन शब्द दोन्ही बाजूंना वर्ज्य. ते शब्द काढून घेतले की काही जणांजवळ बोलण्यासारखे काहीच उरत नाही, हा अनुभव मोठा करमणुकीचा असतो.

प्रश्न: मित्र नेहमी मला 'पाहू का?' किंवा 'वाचू का?' असे विचारतात. मी हो म्हणतो, त्यांना आवडले नाही तर माझ्यावर खापर फुटते. अशा वेळी उत्तर कसे द्यावे?

उत्तर: 'पाहू का?' असे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा तुमची आवड जाणून घ्यायची नसते. आज संध्याकाळ फुकट जाणार नाही ना, एवढीच त्याची चिंता असते. म्हणून हो किंवा नाही म्हणण्याआधी त्याला अलीकडे काय आवडले ते विचारा. त्याला वेगवान चित्रपट आवडत असतील तर संथपणाची सूचना द्या. त्याच्या घरात नुकतेच कोणाचे आजारपण झाले असेल आणि चित्रपटात रुग्णालयातले लांबलचक प्रसंग असतील, तर ते शेवट न फोडण्याच्या नियमाला अपवाद करूनही सांगा. आणि स्वतःचे मत द्यायचेच असेल तर ते माहितीपासून वेगळे ठेवा: 'पावणेतीन तासांचा आहे, पहिला पाऊण तास फारसे काही घडत नाही, मारामारी नाही, गाणी दोनच आहेत, मला आवडला.' यातले शेवटचे दोन शब्द त्याने ऐकले नाहीत तरी चालेल. बाकीच्यावरून काय ते तो ठरवील.